काहिलीतून नेलेलं माहेर

मच्छिंद्र भोयाला माझी काहिल हवी असली की तो आधी माझ्या गुळाची तारीफ करायचा. "दादा, तुमची ढेप फोडली की वास पार काष्टीच्या बाजारापातूर जातो," असं काहीतरी. मग जरा वेळ आभाळाकडे बघायचा, आणि मग म्हणायचा, "तेवढं भांडं आजच्या दिवस..." हे सगळं मला इतकं पाठ झालं होतं की तो मागायच्या आधीच मी मनातल्या मनात हो म्हणून मोकळा व्हायचो. वरून मात्र कपाळाला आठ्या घालायचो. भांडं लोखंडाचं असलं तरी फुकट मागितलेलं, आणि फुकटाला किंमत राहत नाही.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांना सांगतो. उसाचा रस ज्यात आटवतात ती काहिल म्हणजे लोखंडी पत्र्याची पसरट, गोल कढई. चार माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी, आणि कडेला उचलायच्या कड्या. थंडीत ती चुलवणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीवर, चढते आणि गूळ होतो. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, मग ती पाण्यात सोडली की तीच होडी. घोड नदीकाठच्या आमच्या वस्तीत यात कुणाला नवल वाटायचं नाही. काष्टीचा बाजार आणि सडक पलीकडच्या काठाला, आणि नदीवरच्या फरशीपुलावरून पाणी गेलं की पलीकडे जायला दुसरं साधन नव्हतं.

मच्छिंद्राची स्वतःची लाकडी होडी होती. बहात्तरच्या दुष्काळात नदीच आटली. होडी वाळूत उभ्या उभ्या वाळली आणि तिच्या फळ्या उकलल्या. त्याच उन्हाळ्यात तो आणि त्याची बायको छबूबाई सरकारी कामावर खडी फोडायला गेले. तिथं छबूबाईला ताप भरला आणि आठवडाभरात ती गेली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, नदीला पाणी आलं, मासे आले. पण मच्छिंद्राकडे होडी नव्हती आणि घरात माणूस नव्हतं. म्हणून मी त्याला काहिल देऊ लागलो.

एका अटीवर. काहिलीत मासा ठेवायचा नाही. गूळ फार हळवा असतो, शेजारच्याचा वास लगेच अंगाला लावून घेतो, आणि व्यापारी ढेप नाकाला लावूनच भाव बोलतो. आमच्या वडिलांपासूनचा नियम होता हा. मच्छिंद्र झाकणाची टोपली काहिलीच्या कडीला बांधायचा आणि बाहेर पाण्यात सोडायचा. मासे तिच्यातच जिवंत राहत, त्यामुळे त्याचीही तक्रार नसायची. फक्त मी नाकानं कांदे सोलतो असं तो माझ्या माघारी म्हणायचा. माघारी म्हणजे मी चार पावलांवर उभा असताना.

त्या दिवशी तो आला तेव्हा दसरा होऊन गेला होता. काहिल मी परत आणून राखेनं आणि विटेच्या चुऱ्यानं लख्ख घासून गुऱ्हाळात पालथी घातली होती. चुलवणाची पूजा दोन दिवसांवर आली होती आणि परतीच्या पावसानं नेमकी तेव्हाच झड लावली होती. उजाडता उजाडता मच्छिंद्र पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन दारात उभा राहिला. गुळाबद्दल एक अक्षर बोलला नाही. तेव्हाच मला कळलं की आज काहीतरी वेगळं आहे.

"बनू येतीय," तो म्हणाला.

बनू त्याची एकुलती एक लेक. तिला पाथर्डीकडे दिली होती. तिकडच्या भोयांना मासे धरायला पाणी कुठलं? तेही इतरांसारखे कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. छबूबाई गेली तेव्हा निरोप पोचून बनू येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दहावा झाला आणि ती गेली, त्यानंतर फिरकली नव्हती. बापाच्या दारात आई नाही, नदीत पाणी नाही, कशाला यावं पोरीनं? आता बाजार करत हिंडणारे बांगड्यांचे चांदभाई आदल्या संध्याकाळी निरोप घेऊन आले होते. तोडणीवाल्यांची ट्रक कारखान्याकडे निघाली आहे. आज काष्टीच्या बाजारात पीठमीठ घेऊन ती पलीकडच्या सडकेला लिंबाखाली थांबेल आणि दिवस मावळायच्या आत पुढं जाईल. जमलं तर आबानं भेटून जावं.

"मग जा की," मी म्हणालो. "तुला पलीकडं नेऊन सोडायला काहिल देतो. सकाळपासून कशाला पायजे?"

"रिकाम्या हातानं जाऊ?" तो म्हणाला. "पोर माहेराला आली की तिची आई पैलं वामीचं कालवन करायची. चूल दुसऱ्या कशाला पेटायचीच न्हाई. आता पोरीला घरी येता येत न्हाई, तर मी तेवढं तरी न्यावं का नको?"

वाम हा सापासारखा लांब मासा. पाठीवर काटे, अंग असं बुळबुळीत की हातात धरला म्हणेपर्यंत हातातून गेलेला. कपारीत दडून बसतो आणि पाणी गढूळ झालं तरच गळाला लागतो. त्याच्या नादी लागायचं म्हणजे दिवसभराचं काम. मी काहिलीकडे बघितलं, ती आरशासारखी चमकत होती.

"भांडं माझं हाय. मी बरोबर येनार," मी म्हणालो.

आमच्या आक्कानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आतून ते ऐकलं. "जावा. बुडालात तर काहिलीला घट धरा. लोखंडाचीच हाय, सोबतीनं जाईल," एवढंच म्हणाली आणि भाकरीचं पीठ काढायला गेली.

काहिलीत बसणं सोपं नाही. तिला तोंड नाही आणि शेपूट नाही, त्यामुळे नवखा माणूस मागे बसून वल्हं मारतो आणि जागच्या जागी गरगर फिरत राहतो. मच्छिंद्र पुढच्या कडेला गुडघे टेकून पाणी स्वतःकडे ओढायचा, मग ती नाखुशीनं त्याच्या मागे यायची. मी समोर, तोल राखायला. छत्री उघडली तर म्हणाला, "मिटा ती. वारं धरलं तर पुन्यालाच जाऊ." मिटली. पाऊस जोराचा नव्हता, पण थांबायचं नावही घेत नव्हता. मानेतून आत शिरून कमरेपर्यंत सावकाश उतरत होता. माझ्या अंगावरचं सगळं भिजलं तेव्हा कुठे मला बरं वाटलं, कारण आता आणखी भिजायचं काही उरलं नव्हतं.

खडकाळ दरडीखाली पाणी जरा शांत फिरतं, तिथं आम्ही गेलो. मच्छिंद्रानं गांडुळं लावलेले गळ बाभळीच्या मुळ्यांना एकेक करून बांधले. मग वाट बघणं. शिंगटे लागले, मळ्या लागल्या, दोन चांगले हातभर मासे लागले. त्यानं सगळे परत सोडले.

"अरे, ने की हे," मी म्हणालो. "वाम न्हाई लागली तर?"

"लागंल."

"आन न्हाईच लागली तर?"

त्यानं रिकाम्या गळाला नवं गांडूळ लावलं. मग म्हणाला, "दादा, छबू कालवन करायची तवा मी दारात जाळं इनत बसायचो. येवढी वर्सं बसलो. येकदा मान वळवून बगितलं असतं तर आज शिकलेला असतो." मागच्या महिन्यात त्यानं एकदा करून पाहिलं होतं म्हणे, बारक्या माशांचं. मसाला करपला आणि कुत्र्यानंही हुंगून सोडलं. हे सांगताना तो हसला. मला हसू आलं नाही, त्यामुळे मी उगाच खोकलो.

दुपार कलली तेव्हा वाम लागली. दंडाएवढी जाड. मच्छिंद्रानं ती वर काढली तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की मी माझी सर्दी विसरलो. नियमाप्रमाणे त्यानं ती बाहेरच्या टोपलीत टाकली, झाकण बांधलं, आणि आम्ही उरलेले गळ गोळा करायला वळलो.

तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. वर धरणाचं पाणी सोडलं असावं. लाल फेसाळ पाणी दरडीला घासत आलं आणि त्याच्याबरोबर एक उन्मळलेली काटेरी बाभळ आली. तिची फांदी टोपलीच्या दोरात अडकली. काहिल एकदा जोरात हिसकली, आम्ही दोघे कडेवर आपटलो, आणि दोर तुटून टोपली बाभळीबरोबर निघून गेली. हात लांबवला असता तर हाताला लागली असती एवढ्या जवळून गेली.

मच्छिंद्र तुटलेल्या दोराकडे बघत राहिला. वाम काहिलीत ठेवली असती तर गेली नसती, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. त्यानं शब्दानं मला दोष दिला नाही, आणि त्याचाच मला भयंकर राग आला. माणसानं अशा वेळी चार शिव्या द्याव्यात, म्हणजे समोरच्याला उत्तर तरी देता येतं.

"पुन्हा गळ लाव," मी म्हणालो.

"आता येळ..."

"लाव म्हनतो ना. आन लागली की माझ्या मांडीत टाक."

"भांड्यात?"

"तुला ऐकू कमी येतं का?"

दुसरी वाम लागली ती पहिलीच्या निम्मी होती. मी माझं उपरणं पसरलं, त्यात ती गुंडाळली आणि तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून बसलो. जन्मात मी मासा हातात धरला नव्हता. ती उपरण्यातून वळवळत माझ्या बोटांना काटे मारत होती आणि मी तिला दरडावत होतो. मच्छिंद्र वल्हं मारता मारता खाली मान घालून हसत होता. हसू दे म्हटलं. मघाच्या त्या गप्प बसण्यापेक्षा हे बरं.

त्याच्या झोपडीत पोचलो तेव्हा दिवस बराच कलला होता. त्यानं हाताला राख लावून वाम साफ केली. ओली लाकडं पेटेनात. तो फुंकणीनं फुंकत बसला आणि कांदा-खोबरं भाजायचं तसंच राहिलं. शेवटी मीच पाट्यापुढे बसलो. गुऱ्हाळाचा मालक मी, भोयाच्या झोपडीत माशाचा मसाला वाटतोय, हे कुणी पाहिलं असतं तर वस्तीला वर्षभर विषय झाला असता. कालवण उकळलं. मच्छिंद्रानं हातावर थेंब घेऊन चाखला, डोळे बारीक केले, पुन्हा चाखला.

"तिच्यासारखं न्हाई," तो म्हणाला. "पर कालवन हाय."

तेवढ्यात आक्कानं बाजरीच्या भाकरी फडक्यात बांधून पाठवून दिल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पलीकडे जायचं म्हणजे आता खरी परीक्षा होती. आम्ही काठानं काहिल ओढत आधी बरीच वर नेली, म्हणजे धारेनं खाली लोटलं तरी लिंबाच्या समोरच लागू. मग पाण्यात सोडली. कालवणाचं गाडगं फडक्यानं बांधून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं होतं, काहिलीच्या बरोबर मध्यावर, आणि मी दोन्ही पायांनी ते धरलं होतं. मधल्या धारेत काहिल फिरायला लागली. एकदा आपला काठ समोर, एकदा पलीकडचा, एकदा नुसतं पाणी. मच्छिंद्र ओरडला, "दादा, गाडगं धरा!" मी माझा जीव धरायचा सोडून गाडगंच धरलं. आम्ही लिंबाच्या बऱ्याच खाली काठाला लागलो, पण लागलो.

वर लिंबाखाली ट्रक उभी होती. वर ताडपत्री, मागच्या फळीला कोंबड्यांचं खुराडं, आत पोरं, भांडी, पांघरुणं. बनू काठापर्यंत पळत आली होती. किती वाळली होती, किती काळवंडली होती. बापलेक एकमेकांकडे बघेनात. दोघेही गाडग्याकडेच बघत होते.

"काय आनलंय, आबा?"

"तुज्या आईचं हाय ते," मच्छिंद्र म्हणाला. "म्हंजी तिचं न्हाई, मी केलंय. खा. येळ न्हाई."

ट्रकच्या आडोशाला ताडपत्रीखाली दगडावर ती बसली. फडकं सोडलं, झाकण काढलं, वाफ वर आली. मी समोरच होतो. तिचा चेहरा एकदम फिका पडला. पाऊस पुसल्यासारखं करून तिनं पदर नाकाला दाबला, क्षणभर तशीच थांबली, आणि मग भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला. डोळे मिटून घास तोंडात घातला, पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. दुसरा घासही तसाच.

"दोर ढिला वाटतोय काहिलीचा," मच्छिंद्र म्हणाला. "बगून येतो." आणि आमच्याकडे पाठ करून काठाशी जाऊन बसला.

मला पाच पोरं आहेत. बाईमाणसाला अन्नाचा वास कधी सोसत नाही ते मला कुणी शिकवायला नको. अर्ध्यावर बनू उठली, ट्रकच्या पलीकडे गेली, आणि तोंड धुऊन परत येऊन पुन्हा त्याच दगडावर बसली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काका, आबाला बोलू नगा. मला जाऊ द्येयाचे न्हाईत ते. मी न्हाई गेले तर ह्यांनी येकट्यानं काय करावं? कोयता मोडंल आमचा."

तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. एक तोडतो, दुसरा मोळ्या बांधून वाहतो. एकट्या माणसाला अर्धाही धरत नाहीत. मी मान डोलावून शब्द दिला. 

तिनं सगळं खाल्लं. गाडगं बोटानं पुसून घेतलं. मच्छिंद्र परत आला.

"कसं झालंय?"

"आईच्यासारखं."

"खोटं बोलतीस."

"मीठ जरा जास्त पडलंय," बनू म्हणाली. "तेवढंच."

तेव्हा तो खरा हसला. टोळीच्या मुकादमानं हाक मारली. बनू वर चढली तेव्हा मच्छिंद्रानं फळीवरून तिचा हात धरला आणि ट्रक सुरू झाल्यावरही जरा पुढेपर्यंत तसाच धरून चालला. मग सोडला.

परतताना पाणी थोडं उतरलं होतं. पाऊसही कमी झाला होता, पण उजेड संपत आला होता. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आक्का नेहमी म्हणते, आणि ते खरंच आहे. त्या दिवशी मात्र मी ओठ गच्च मिटून बसलो होतो. पोरीला शब्द दिला होता. मध्यावर आलो तेव्हा मच्छिंद्रच बोलला.

"पोर दोन जिवाची हाय, दादा."

मी चपापलो. "तुला कुनी सांगितलं?"

"वाम खाताना तिनं कदी डोळं मिटलं न्हवतं. ल्हानपनी काटा लागंल म्हनून आई वरडायची, तरी डोळं फाडून गाडग्यात बगायची."

"मग बोलला का न्हाईस?"

"ती येवढं माज्यासाटी गिळत हुती," तो म्हणाला. "मधीच कसं थांबवू? म्हनून तर तिकडं जाऊन बसलो."

 तो वल्हं मारत राहिला. मग पाण्याकडे बघतच म्हणाला, "पैलं बाळतपन माहेराला व्हतं. पर माज्या घरात बाईमानूस न्हाई. कुनाच्या जिवावर आनू तिला? तिथंच फडात, पाचटाच्या खोपीत..."  दिवसभर पावसात त्याचा आवाज फाटला नव्हता, तो आता फाटला.

"आमच्याकडं आन," मी म्हणालो.

वल्हं थांबलं. काहिल लगेच फिरायला लागली.

"वैनीला इचारलं का?"

"नदीत बसून कसं इचारू? फाल्गुनात हंगाम सरत येतो, तवा जाऊन घेऊन ये. तोडणीच्या उरलेल्या दिसांचं बगू. मी बोलतो मुकादमाशी." तो माझ्याकडे बघत होता आणि आम्ही दोघे गोल गोल फिरत खाली चाललो होतो. "आरं वल्हं मार," मी ओरडलो. "आदी कडंला लाव, मग रड."

आक्का काठावर कंदील घेऊन उभी होती. मी पाण्यातूनच तिला सांगायला सुरुवात केली. तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "मला काय इचारता?" म्हणाली. "कवा आनायची तेवढं सांगा."

फाल्गुनात मच्छिंद्र जाऊन बनूला घेऊन आला. आमच्या माजघरात तिला मुलगी झाली. तोपर्यंतचे दिवस मच्छिंद्र रोज संध्याकाळी आमच्या दारात यायचा. आत मात्र यायचा नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहून आक्काला विचारायचा.

"पोर जेवली का, वैनी?"

"जेवली की."

"डोळं उगडं ठिवून?"